प्रणालीच्या बोरीत मी काय भरलं

"वहिनी, हे काय पाठवलं? यात तांदूळ आहे—कच्चा तांदूळ अन् आलू—सत्तू कुठं आहे? चिवडा कुठं आहे? वहिनी, ऐकून राहिली ना?"

ऐकून राहिली होती मी. कडेवर माह्यी लेक अन्वी रडत होती, गॅसवरचं दूध उतू गेलं, ते बी दिसत होतं, पण मी फोन कानाले असा दाबून धरला होता की कान दुखाले लागला. प्रणाली माह्यी नणंद. ती बस्तरकडच्या जंगलात होती, त्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानात, पाठीवर बॅग घेऊन पायी. सोबत चार जण. त्या चारात एक माह्या नवरा. अर्धं जंगल चालून झालं होतं, अर्धं बाकी होतं. जवळचं खाणं संपलं होतं अन् पुढचं खाणं मी पाठवलं होतं.

"अवं, मले वाटलं," मी म्हणलं, "गरम गरम भात खासान तुमी."

मग ती हळूच म्हणे, "वहिनी, इथं आग नाई लावता येत. सांगतलं होतं ना तुले."

अन् फोन कटला. मी लावला, पुन्हा लावला, पहुंच के बाहर. पुन्हा लावला. अन्वीले खाली ठेवलं. आई—म्हणजे माह्यी सासू—धावत आली, काय झालं, काय झालं, अन् मी रडाले लागली. खरं रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे आधी सांगते. बाकी काय काय खोटं होतं ते—थांबा, सांगते. एकदम नाई उतरत कागदावर.

हे मी कोणाले सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, माह्या मायले नाई. पौर्णिमेले विहारात जाते, डोळे मिटून बसते, तिथं मनातल्या मनात बी नाई. तुमाले पयल्यांदा सांगून राहिली. कावून तुमाले? तुमी मले ओळखत नाई म्हणून, शायद.

प्रणाली अन् मी एका वर्गात होतो. एका बेंचवर. मी दहावीत गणितात गेली, घरच्यांनी म्हणलं बस झालं. ती शिकत राहिली. तिच्या घरी मी जाये, सेक्टर सहाच्या क्वार्टरमधी, तिची माय चहा देये, तिचा भाऊ स्टील प्लांटमधून यूनिफॉर्मवर येये अन् माह्याकडे पाहे. असं झालं लग्न. त्याच घरात आली मी. पयले ती मले रोशनी म्हणे, मग सासूनं डोळे वटारले तवापासून वहिनी. एका वयाच्या आमी दोघी. माह्या कडेवर लेकरू आलं अन् तिच्या पाठीवर बॅग आली.

कॉलेजच्या कॅम्पमधून तिले हा जंगलात चालाचा नाद लागला. मग रायपूरच्या एका ग्रुपवाल्यायसोबत जाले लागली, लोकांले जंगलात फिरवाले. त्यायनं तिले म्हणलं, एक टोळी तू एकटी घेऊन जा. परवानगी तूच काढ, खाण्याचं तूच पाहा, लोकांले नेऊन सुखरूप आण. नीट झालं तर पक्की नोकरी. हे ऐकून ती घरात नाचली होती. मले धरून नाचली. मी बी नाचली—मग बाथरूममधी जाऊन नळ सोडून बसली. कावून बसली? तुमाले कधी असं झालं काय, जिच्यावर जीव आहे तिचंच चांगलं झालं की पोटात आग पडते?

परवानगीसाठी ती वनविभागाच्या ऑफिसात किती चकरा मारत होती. एकदा म्हणे नकाशा आणा. एकदा म्हणे सगळ्यायचे आधार आणा. एकदा सायबच नव्हते. उन्हातून येये, पंख्याखाली पसरे अन् म्हणे, "वहिनी, आता तर तिथलं कुत्रं बी मले पाहून शेपटी हलवते, सायबच तेवढा ओळखत नाई." मग एक दिवस गोल शिक्का मारलेला तो कागद आला. पलंगावर बसून तिनं मले वाचून दाखवला. मी अन्वीले पाजत होती, अन्वी किरकिर करत होती, पण मी सगळं ऐकलं. अक्षर अन् अक्षर ऐकलं. महुआची फुलं पडाचे दिवस, पानगळ झालेली, जंगल वाळून कोरडं—म्हणून आत आग लावाची नाई. चूल नाई, स्टोव्ह नाई. नाक्यावर बॅगा तपासतात, माणसांच्या खिशातून बिडी-काडी काढून घेतात. अन् ज्याच्या नावानं परवानगी, जबाबदारी त्याची. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. आपलं नाव छापलेलं होतं ना त्यात, म्हणून.

"एक काडी लागते वहिनी," ती म्हणे, "अन् अख्खा डोंगर जाते."

मी मान डोलावली. ध्यानात ठेवा हे.

मग आमी बिना आगीचं खाणं शोधाले बसलो. ते दिवस चांगले होते. खोटं कावून बोलू? दुपारी सासू झोपली की आमी दोघी किचनमधी. पातळ पोहे थंड पाण्यात किती वेळात फुगतात, सत्तूत लिंबू पिळलं तर कसं, जवसाची चटणी कोरडी किती दिवस टिकते. बाजूच्या छत्तीसगढी काकीनं बेसनाची ठेठरी अन् गोड खुर्मी तळाले शिकवली, ते आठ-आठ दिवस खराब नाई होत. सासूले भिजवलेले पोहे चाखाले दिले तर तिनं थू केलं. "हे जनावराचं खाणं घेऊन जासान? त्यापेक्षा घरीच उपाशी मरा, किराया तरी वाचन." आमी हसून हसून खाली बसलो. प्रणालीनं माह्या खांद्यावर डोकं ठेवलं, शाळेत ठेवे तसं. रोशनी, म्हणे. वहिनी नाई म्हणलं. रोशनी, तू नसती तर माह्यं काय झालं असतं.

एवढं सगळं पयल्या दिवसापासून पाठीवर नेता येत नाई. म्हणून ठरलं, अर्धं सोबत न्यायचं अन् अर्धं मधातल्या नाक्यावर पोचवायचं. आधीच पाठवलं तर मुंग्या लागतात, उंदीर फाडतात. म्हणून ते लोक जंगलात गेल्यावर, मागून, मी बोरी भरून जगदलपूरच्या बसमधी टाकायची. आमच्याकडे सगळंच असं जाते—कोणाचं औषध, कोणाची पत्रिका. कंडक्टरच्या हातात द्यायचं, गाडीचा नंबर फोनवर सांगायचा. रस्ता जंगलाकडे वळते त्या मोडावर एक चायवाला उतरवून घेणार, तो नाक्यावर नेऊन देणार. चायवाल्याची नाक्यावाल्यायशी ओळख, तो आणते ते सामान कोणी उघडून पाहत नाई. हे बी प्रणालीनंच सांगतलं होतं, मजेत.

मग टोळीतली एक पोट्टी गळाली. तिच्या घरच्यांनी नाई म्हणलं. एक नाव खाली झालं.

त्या जागी आधार देऊन दुसरं नाव टाकता येत होतं. मी वाट पाहत राहिली. आता हे सांगाची मले सगळ्यात जास्त लाज वाटते, बाकीच्यापेक्षा जास्त—दुपारी कोणी नसलं की मी प्रणालीची ती बॅग पाठीवर घालून आरशासमोर उभी राहे. पट्टे आवळून. मॅक्सीवर. अन् थोडं चालून पाहे, खिडकीपासून दारापर्यंत. अन्वीचं अंगावरचं दूध सुटाले आलंच होतं. सासूनं स्वतः म्हणलं होतं एकदा, दोन-चार दिवस तर मी पाहीन लेकराले. म्हणजे होऊ शकत होतं. नसतं झालं काय?

जेवताना प्रणाली म्हणे, "दादा, तू चालतं काय?"

अन् अन्वीचे पप्पा म्हणे, "सुट्टी मागून पाहतो." माह्या भावाच्या साखरपुड्याले याच माणसाले सुट्टी नव्हती भेटली. ठेकेदार काढून टाकते म्हणे. आता दुसऱ्याच दिवशी भेटली.

प्रणालीनं माह्याकडे पाह्यलं. तिले समजलं असन काय? ती म्हणे, "तुले नेली असती वहिनी, पण अन्वी आहे ना. अन् तू तर लाइट गेली की बाथरूमले बी एकटी जात नाई, जंगलात काय करशीन?" सगळे हसले. सासू हसली, हे हसले, मी बी हसली. प्रेमानं बोलली ती. तेच तर. रागानं बोलली असती तर मी भांडली असती अन् मोकळी झाली असती.

मग रोज संध्याकाळी ते दोघं भाऊ-बहीण पाठीवर विटा भरलेल्या बॅगा घेऊन सेक्टरमधी चकरा मारत. मी गेटात अन्वीले घेऊन उभी. रस्त्याच्या त्या टोकापासून दोघांचं हसणं ऐकू येये. माह्याशी हे असं हसत नाई. माह्याशी म्हणतात, मीठ दे. म्हणतात, अन्वीचं नाक पूस. मी कोणावर जळत होती—तिच्यावर की यायच्यावर? दोघांवर. रस्त्यावर बी. त्या बॅगेवर बी.

ते गेले. मागून मी बोरी भराले बसली. दुपारची वेळ, अन्वी झोपलेली, सासू शेजारी गेलेली. पलंगावर सगळे पुडे मांडलेले. सत्तू, पोहे, खुर्मी, चटणी, लाडू. सगळ्या पुड्यायवर प्रणालीनं पेनानं कोणत्या दिवशी काय खायचं ते लिहिलं होतं.

मी एक पुडा बोरीत टाकला. मग काढला.

मग तांदूळ काढले. कोठीतून डब्बा भरून. तुरीची दाळ. आलू. कांदे. एक जुना गंज, भात शिजवाले. हळद-मीठ पुडीत बांधलं. चुकून नाई. मले समजलं नाई म्हणून नाई. फोनवर मी जे बोलली—गरम भात खासान—ते वाक्य मी त्याच दुपारी तयार केलं होतं, बोरी भरता भरता. दाभण अन् सुतळी घेऊन बोरीचं तोंड शिवलं, टाके जवळ जवळ घातले. अन्वीले घेऊन ऑटोनं दुर्गच्या बस स्टँडवर गेली. कंडक्टर म्हणे, "दीदी, क्या भर दिया, बहुत वजन है." मी म्हणलं, घर का खाना है भैया.

काय पाहिजे होतं मले? खूप विचार केला मी याचा. पाहिजे होतं की ते परत यावं. मधातूनच. उपाशी, तोंड पाडून, दोघंही. प्रणालीचं एकदा तरी फसावं अन् तिनं किचनमधी येऊन माह्याजवळ बसावं. एवढंच पाहिजे होतं असं मी स्वतःले लय दिवस सांगत होती.

पण ते परत नाई आले. फोन कटल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच खबर नव्हती. मी अन्न गिळलं नाई. सासू म्हणे, "रडू नको माय, तुले काय माहीत तिथलं. चार बुकं शिकली असती तर समजलं असतं." माह्या पाठीवरून हात फिरवत होती ती. अन् मी तो हात फिरू दिला.

मग यायचा, म्हणजे अन्वीच्या पप्पाचा, फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरून. झालं असं होतं की प्रणालीनं तांदळाले हात लावू दिला नाई कोणाले. नाक्यावर दाणे-गूळ भेटला थोडा, तेवढ्यावर काढू, म्हणे, नियम म्हणजे नियम. अन्न फेकवत नाई म्हणून बोरी यायनं सोबत घेतली. पण पुढच्या मुक्कामात एकाले चक्कर आली, हातपाय गार पडले. ती त्याच्याजवळ बसली असताना यायनं मागं जाऊन, नाल्याच्या काठी, तीन दगड मांडले. बायकोनं तांदूळ पाठवला आहे, गंज पाठवला आहे, माणूस पडला आहे—हे काय करतीन? वाऱ्यानं एक पान उडालं. एक. दोन आंगणं असतात ना, तेवढी जागा जळाली. यायनं हातानं, टॉवेलनं, मातीनं विझवली. उजव्या हाताची कातडी गेली. धूर पाहून वनविभागाचे लोक आले.

तुमी विचारान, काडी कुठून आली? नाक्यावर तर सगळ्यायच्या खिशातून काढून घेतली होती.

काडेपेटी मी टाकली.

तांदळाच्या पोटात, मधोमध, प्लास्टिकमधी गुंडाळून, ओल लागू नये म्हणून. नवी पेटी. सगळं भरून झाल्यावर टाकली. बोरी शिवाची बाकी होती अन् मी उठली, गॅसजवळ गेली, तिथून घेतली. उठून गेली मी. बसल्या जागी हाताले लागली असती तर वेगळं. नुसता तांदूळ असता तर ते उपाशी राह्यले असते, बस, घरी आले असते. काडी असली की कोणी ना कोणी लावणार. अन् लावली की ज्याच्या नावानं परवानगी—हे मले माहीत होतं. तिनं दोनदा वाचलं होतं ना. ती कागदावरचं आपलं नाव वाचताना कशी दिसत होती, ते माह्या डोळ्यासमोर होतं, अन् मी पेटी तांदळात खुपसली.

यायच्या हातावर जाईन, कोणी आजारी पडन, हे नव्हतं डोक्यात. पण हे मी स्वतःले सोडवाले सांगत नाई. अख्खा डोंगर जाते हे डोक्यात होतं. तरी टाकली.

चौकशीत प्रणालीनं लिहून दिलं की घरून चुकून आलं, वहिनीले मी नियम नीट समजावला नाई, लेकरू रडत होतं, चूक माह्यी. यायनं म्हणलं आग मी लावली. पण नाव तिचं होतं. परवानगी तिथंच फाडली, सगळ्यायले गाडीत बसवून बाहेर काढलं. पुन्हा तिच्या नावानं अर्ज घेणार नाई म्हणे. रायपूरवाल्यायनं फोन उचलणं बंद केलं. आता ती सुपेल्याच्या बाजारात एका दुकानात बसते, लोकांचे आधार झेरॉक्स करते.

घरी आली त्या दिवशी ती सरळ माह्याजवळ आली. मले वाटलं मारन. मारावं असं वाटत होतं. तिनं मले धरलं अन् म्हणे, "वहिनी, तू टेन्शन नको घेऊ. माह्यी चूक आहे. लेकराच्या रडण्यात कोणाले काय समजते." अन्वीचे पप्पा पट्टी बांधलेला हात धरून खुर्चीत बसले होते, ते म्हणे, "हिले काय समजते. दहावी नापास." रागानं नाई म्हणलं. माफ केल्यासारखं म्हणलं.

मी तिथंच सांगाले पाहिजे होतं. तोंड उघडलं बी. मग वाटलं, सांगतलं तर अन्वीले घेऊन मी कुठं जाईन? अन् दहावी नापास असण्यात किती जागा आहे, ते मले त्या मिनिटात समजलं. अख्खी मी मावते त्यात.

पलंगावरचे ते पुडे मी माह्या लोखंडी पेटीत लपवले होते, लुगड्यायच्या खाली. ते मी खाल्ले. एकटीनं, दुपारी, उभ्या उभ्या. फेकाची हिंमत नव्हती, कोणी कचऱ्यात पाह्यलं असतं. तिचं अक्षर असलेले कागद गॅसवर जाळले. सत्तू लय दिवस पुरला. चांगला झाला होता.

आता घरात मले सगळं दोनदा सांगतात. गॅसचा नंबर मोबाइलवरून कसा लावायचा, अन्वीच्या लसीची तारीख कोणती, वॉशिंग मशीनचं कोणतं बटन. प्रणालीच सांगते जास्त. दुकानातून थकून येते तरी सांगते, बाजूले बसून, हळू हळू, शाळेत मले गणित समजावे तशी. एकदा सांगते, पुन्हा सांगते, मग म्हणते, "समजलं ना वहिनी? बरं, आता तू सांग."

मी सांगते. अन् कधी कधी मधात एखादी गोष्ट मुद्दाम चुकवते.

ती हसते, चिडत नाई, पुन्हा पयल्यापासून सुरू करते.

तुमी काय केलं असतं, हे मी विचारणार होती. लिहाले बसली तवा तेच विचाराचं होतं. आता नाई विचारत. तुमी नसतं केलं.